टेकसन पीएल-३३०: समुद्रापलीकडचे परागंदा आवाज मुंबईत कितपत लागतात?

आधी निकाल: रेडिओ चांगला आहे, घर वाईट आहे. ‘पीएल-३३० घेतला, पण नुसती खरखर येते’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचा रेडिओ ठणठणीत असतो. खरखर त्यांच्याच छतावरच्या एलईडी दिव्याची, सोसायटीच्या लिफ्टची नाहीतर शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरची असते. म्हणून या परीक्षणात रेडिओपेक्षा खिडकी, तार आणि घड्याळ यांच्यावर जास्त जागा जाणार आहे.

एफएमवर गाणी ऐकायला हा घ्यायचा विचार असेल तर पैसे वाचवा, ते काम कुठलाही साधा रेडिओ करतो. इथे तो एकाच कामासाठी तपासला आहे. आफ्रिकेतल्या काही पत्रकारांना आपल्या देशात तोंड उघडता येत नाही. ते पॅरिस, लंडन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा शेजारच्या देशात बसून आपल्या माणसांसाठी बातम्या देतात. त्यांचा आवाज अंधेरी-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पकडता येतो का, एवढाच प्रश्न.

नकाशा आपल्या बाजूने आहे. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि त्यापलीकडे थेट आफ्रिकेचं शिंग. एरिट्रियाची राजधानी अस्मारा इथून सरळ रेषेत साधारण ३६०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या तिपटीहून थोडं जास्त. आयनांबरावर, म्हणजे रेडिओ लहरी परत खाली वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरावर, एक-दोन टप्पे खाल्ले की शॉर्टवेव्ह, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रसारणाची रेडिओ लहर, हे अंतर सहज कापते. पण गंमत अशी की या स्टेशनांचे ट्रान्समीटर त्यांच्या देशात नसतातच. फ्रान्समध्ये किंवा मादागास्करमध्ये तासावर भाड्याने घेतलेला ट्रान्समीटर असतो आणि त्याच्या अँटेनाचा झोत सुदान किंवा एरिट्रियाच्या दिशेने लावलेला असतो. आपण त्या झोताच्या कडेला उभे. त्यामुळे रेडिओ सिलोनसारखं ‘लावलं की लागलं’ इथे होणार नाही. आवाज येईल, जाईल, पुन्हा येईल.

हा खटाटोप कोणासाठी ते आधी बघू, म्हणजे रेडिओचं कुठलं बटण कशाला लागतं ते कळेल.

एरिट्रियात १८ सप्टेंबर २००१ रोजी सरकारने सगळी खासगी वर्तमानपत्रं एका फटक्यात बंद केली आणि पुढच्या काही दिवसांत पत्रकारांना उचललं. ‘सेतित’ हे त्यातलं सर्वांत मोठं पत्र. त्याचे सहमालक दावित इसाक २३ सप्टेंबरला पकडले गेले. त्यांच्यावर आजवर खटला चाललेला नाही. संपादक आरोन बरहाने लपून राहिले, जानेवारी २००२ मध्ये पायी सीमा ओलांडून सुदानमध्ये शिरले आणि पुढे टोरोंटोला पोचले. तिथे त्यांनी ‘मेफ्तिह’ नावाचं पत्र काढलं. बायको-मुलांची भेट व्हायला २०१० साल उजाडलं. मे २०२१ मध्ये कोविडने ते गेले. पण वर्तमानपत्र टोरोंटोत छापता येतं, अस्मारात वाटता येत नाही. तिथे रेडिओच लागतो.

तो काढला बिनियाम सिमोन यांनी. सरकारी एरी-टीव्हीवर बातम्या देणारा हा ओळखीचा चेहरा. २००७ मध्ये जपानला गेले ते मायदेशी परतलेच नाहीत. फ्रान्समध्ये आश्रय घेतला आणि जून २००९ मध्ये रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने पॅरिसमधून ‘रेडिओ एरेना’ सुरू केला. एरेना म्हणजे तिग्रिन्या या तिथल्या भाषेत ‘आपला एरिट्रिया’. त्याच्या चारच महिने आधी अस्मारात रेडिओ बानावर धाड पडून जवळपास ५० जण धरले गेले होते, आणि रेडिओ बाना तर शिक्षण खात्याच्या आशीर्वादाने चालणारं शैक्षणिक स्टेशन होतं. म्हणजे सरकारची नोकरी असली की माणूस सुरक्षित, असंही नाही.

एरेनाचा मुख्य मार्ग होता सॅटेलाइट, कारण एरिट्रियात घरोघरी डिश आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या सॅटेलाइटच्या सिग्नलवर मुद्दाम गोंगाट सोडला गेला आणि आवाज बंद पडला. त्याच सुमाराला वेबसाइटवरही हल्ला झाला. परागंदा स्टेशनवाले तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरून आहेत: एकच वाट ठेवायची नाही. सॅटेलाइट, शॉर्टवेव्ह, वेबसाइट, व्हॉट्सअॅप, जमेल तिथून. शॉर्टवेव्ह त्यातली सर्वांत जुनाट आणि खर्चिक वाट, तरी तिचा एक गुण फोन-इंटरनेटच्या वाटांकडे नाही. ऐकणाऱ्याचा पत्ता कुठेच नोंदला जात नाही. ना सिमकार्ड, ना आयपी अॅड्रेस, ना लॉग-इन.

मात्र रेडिओचा डबा घरात सापडू शकतो. झिम्बाब्वेच्या जेरी जॅक्सन यांची गोष्ट इथे बसते. सरकारी रेडिओवर त्यांनी आंदोलनाच्या दिवसांत लोकांचे फोन थेट प्रक्षेपित केले म्हणून १९९७ मध्ये नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची प्रसारणातली मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली. लगेच त्यांनी कॅपिटल रेडिओ सुरू केला. तो सहा दिवस चालला, मग हत्यारबंद पोलीस आले. डिसेंबर २००१ पासून त्याच मंडळींनी लंडनहून ‘एसडब्ल्यू रेडिओ आफ्रिका’ चालवला. ४८८० किलोहर्ट्झ हा त्यांचा ओळखीचा आकडा. २००५ पासून त्यावर गोंगाट सोडला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी ठळक बातम्या मोबाइलवर एसएमएसने पाठवायला सुरुवात केली. २०१३ च्या निवडणुकीआधी झिम्बाब्वेच्या पोलिसांनी हँडल फिरवून चालणारे शॉर्टवेव्ह रेडिओ जप्त करायला घेतले. आपण ज्या प्रकारच्या वस्तूचं परीक्षण वाचताय, तीच वस्तू तिथे पुरावा म्हणून पंचनाम्यात गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये स्टेशन बंद झालं. आपल्याकडे रेडिओ ऐकायला परवाना लागत नाही, हे बारीक वाटणारं वाक्य त्यामुळे जरा वेगळं वाटू लागतं.

आता डबा हातात घेऊ.

पीएल-३३० आकाराने जुन्या ऑडिओ कॅसेटच्या डबीपेक्षा थोडा मोठा, शर्टाच्या खिशात जेमतेम मावेल, पँटच्या खिशात नाही. आत नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी. हा याचा मोठा गुण, कारण ती बॅटरी अजूनही मुंबईतल्या कुठल्याही मोबाइल रिपेअरवाल्याकडे मिळते. चार्जिंग मायक्रो-यूएसबीने. घरातल्या सगळ्या वायरी आता सी-टाइप झाल्यात, तेव्हा एक जुनी वायर जपून ठेवा. चार्जिंग चालू असताना शॉर्टवेव्ह ऐकायचा प्रयत्नच करू नका, चार्जरचा घुर्रर्र आवाज स्टेशन गिळून टाकतो.

शॉर्टवेव्ह १७११ पासून २९९९९ किलोहर्ट्झपर्यंत सलग आहे, मध्ये भोक नाही. आकड्यांची बटणं आहेत, त्यामुळे फ्रिक्वेन्सी थेट टाकता येते. या कामासाठी ही सोय लाखमोलाची: परागंदा स्टेशन अर्धा किंवा एक तासच असतं, तेवढ्यात चाक फिरवत बसायला वेळ नसतो. ८५० मेमरी आहेत. ‘ईटीएम प्लस’ नावाची सोय सगळा बँड आपोआप चाळून लागलेली स्टेशनं साठवते, आणि ती तासागणिक वेगळी. रात्री नऊची यादी सकाळच्या यादीत मिसळत नाही. कल्पना उत्तम, पण मुंबईत तिचा निम्माच उपयोग होतो, कारण एलईडी दिव्याच्या गोंगाटालाही ती स्टेशन समजून यादीत घालते. आणि मंद, येत-जात राहणारा सिग्नल ती सरळ ओलांडून पुढे जाते. नेमका तोच आपल्याला हवा असतो. तेव्हा ईटीएम बाजूला ठेवा, आकडा हाताने टाका.

स्पीकर बोलण्यासाठी स्वच्छ आहे, संगीतासाठी पातळ. तिग्रिन्या किंवा सुदानी अरबी कळत नसली तरी इयरफोन लावा. स्टेशनचं नाव दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतात. ‘दबंगा’ किंवा ‘एरेना’ हा एक शब्द खरखरीतून वेचायचा असतो, आणि तो कानाला चिकटलेल्या स्पीकरमध्येच वेचता येतो. (‘दबंगा’ म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतात. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरसाठी नोव्हेंबर २००८ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेलं ते स्टेशन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानमधली मोबाइल सेवा जवळपास सगळीकडे ठप्प झाली होती. अशा दिवसांत बाहेरची बातमी आत जायला शॉर्टवेव्ह उरते.)

आता मुख्य विषय, तार.

रेडिओची स्वतःची सळई, म्हणजे ओढून लांब करायची अँटेना, फ्लॅटच्या आत जवळपास निरुपयोगी आहे. आरसीसीच्या भिंतीतल्या सळ्या आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या मिळून घराचा पिंजरा करतात. बाहेरचा सिग्नल आत येत नाही आणि आतला गोंगाट बाहेर जात नाही. सळई खिडकीबाहेर काढली तरी फरक पडतो, पण खरा फरक तारेने पडतो. कृती अशी:

लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जा. प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक मल्टिस्ट्रँड हुकअप वायर दहा-बारा मीटर, रेडिओच्या अँटेनाच्या जॅकमध्ये बसणारी ३.५ मिमीची मोनो पिन, आणि फेराइटच्या (वायरीतला गोंगाट अडवणाऱ्या) दोन-तीन रिंगा घ्या. ७ ते १० मीटरचा तुकडा तोडा. त्याचं एक टोक पिनेच्या टोकाकडच्या टॅगवर डाग द्या. दुसरा, चार-पाच मीटरचा तुकडा पिनेच्या बाहेरच्या टॅगवर लावून जमिनीवर, भिंतीच्या कडेने अंथरा. हा ‘उलटा पाय’ बरेच जण गाळतात आणि मग तार लावूनही काही वाढलं नाही म्हणतात. तार एका हाताने ओढते तसा रेडिओला दुसऱ्या हाताने टेकायला आधार लागतो, तो हा तुकडा देतो. त्याऐवजी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग वापरू नका. धोका तर आहेच, शिवाय सगळ्या इमारतीचा विजेचा कचरा त्या वायरीतून तुमच्या रेडिओत येतो.

मोठी तार खिडकीबाहेर काढून नायलॉनच्या दोरीने भिंतीपासून किमान एक मीटर लांब ताणा. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीची किल्ली मिळत असेल तर गच्चीवरून खिडकीपर्यंत तिरकी सोडलेली तार सर्वांत चांगली. खालच्या मजल्यांकडे वजन बांधून लोंबकळवू नका; एक तर ती वाऱ्याने खालच्यांच्या कपड्यांत अडकते, दुसरं म्हणजे पुढच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव येतं.

दोन शॉर्टकट सगळ्यांना सुचतात. पहिला, खिडकीच्या ग्रिललाच क्लिप लावणं. नको. ग्रिल भिंतीतल्या सळ्यांना टेकलेलं असतं, म्हणजे तुम्ही अख्ख्या इमारतीला अँटेना केलंत, लिफ्टच्या मोटरसकट. दुसरा, कपडे वाळत घालायची स्टीलची दांडी. ती मात्र नायलॉनच्या दोऱ्यांवर लोंबकळणारी, कप्पीने वर-खाली होणारी असेल तर खुशाल वापरा. दोरीमुळे ती घरापासून तुटलेली असते. चिमटा दांडीला लावा, वायर रेडिओपर्यंत आणा. ओले कपडे काढून घ्या.

तार १५-२० मीटर केली की सिग्नल दुप्पट होईल, असं वाटतं. होतं उलटंच. या रेडिओची चिप छोटी आहे, ती भरून जाते. मालाड-मालवणी-बोरिवलीकडे तर विशेष: आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे मोठे ट्रान्समीटर जवळच आहेत. ५५८ किलोहर्ट्झची अस्मिता वाहिनी शॉर्टवेव्हवर भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागली तर समजा, तार जास्त झाली. निम्मी करा. तरी गेली नाही तर मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर तार आणि रेडिओच्या मध्ये टाका.

तार टांगायला जागाच नसेल तर सक्रिय लूप अँटेना, म्हणजे अॅम्प्लिफायर जोडलेलं तारेचं कडं, साठ सेंटिमीटर ते एक मीटर व्यासाची. ती खिडकीत उभी ठेवून फिरवता येते आणि गोंगाट ज्या दिशेने येतो तिकडे तिची ‘आंधळी’ बाजू करता येते. तिच्या अॅम्प्लिफायरला अॅडॉप्टरने वीज देऊ नका, पॉवर बँक लावा.

गडगडाटाचे दिवस, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर. आभाळ वाजायला लागलं की पिन काढून तारेचं टोक खिडकीबाहेर टाका.

गोंगाट शोधायची रीत सोपी आहे. रेडिओ बॅटरीवर, ९६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे स्टेशन नाही तिथे ठेवा. आता घराचा मेन स्विच पाडा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी वर करत जा, आवाज कुठल्या स्विचला परत येतो ते कळेल. बहुतेक वेळा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, वाय-फायचा अॅडॉप्टर, सेट-टॉप बॉक्स, किंवा हल्ली आलेले वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे. पंख्याचा गोंगाट वेगाबरोबर बदलतो, तो लगेच ओळखू येतो. अॅडॉप्टरची वायर फेराइटच्या रिंगेतून सात-आठ वेढे घेऊन ओवा, बराच आवाज मरतो. स्वस्तातला दिवा मात्र बदलावाच लागतो. मेन स्विच पाडूनही खरखर तशीच असेल तर ती शेजारची किंवा रेल्वेची. उपनगरी गाड्यांच्या तारा पूर्वी १५०० व्होल्ट डीसीच्या होत्या, आता २५ किलोव्होल्ट एसीच्या आहेत. रुळाला लागून असलेल्या इमारतीत गाडी जाताना येणारा तडतडाट थांबवायला काही उपाय नाही. गाडी जाऊ द्या.

घर अगदीच वाया गेलेलं असेल तर समुद्रावर जा. खारं पाणी क्षितिजाजवळून येणाऱ्या लहरींना फार मानवतं आणि मुंबईचा किनारा नेमका पश्चिमेला. गोराई, अक्सा उत्तम. कार्टर रोड आणि वरळी सीफेसवर दिव्यांच्या खांबापासून दूर, कठड्याच्या टोकाला. तिथे नुसत्या सळईवरही जे लागतं ते घरात दहा मीटर तारेवर लागत नाही.

आता घड्याळ. शॉर्टवेव्हचे सगळे तक्ते यूटीसी वेळेत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. एरिट्रिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, सुदान, बुरुंडी, झिम्बाब्वे साडेतीन तास. लोक घरी असतात तेव्हाच स्टेशनं बोलतात, म्हणजे त्यांची पहाट आणि त्यांची संध्याकाळ. अस्मारात संध्याकाळचे सहा वाजले की आपल्याकडे साडेआठ, रात्र झालेली. तेव्हा ४९, ४१ आणि ३१ मीटरचे पट्टे, म्हणजे साधारण ५९००-६२००, ७२००-७४५० आणि ९४००-९९०० किलोहर्ट्झ बघा. त्यांची सकाळ म्हणजे आपली साडेआठ-नऊची वेळ. तेव्हा २५ मीटर (११६००-१२१००) आणि १९ मीटर (१५१००-१५८००). नेमकी फ्रिक्वेन्सी इथे मुद्दाम देत नाही, कारण ती वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ‘ईबी’ आणि ‘आओकी’ हे दोन तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात. दोन्ही उघडून ठेवा, एकात नसलेलं दुसऱ्यात असतं.

आकडा टाकल्यावर काय करायचं? पाच मिनिटं आधी लावा. ट्रान्समीटर कार्यक्रमाच्या आधी नुसता चालू होतो, तेव्हा खरखर दबून एक पोकळ शांतता येते. ती आली की समजा, बस थांब्यावर लागली आहे, दार उघडायचं बाकी आहे. बँडविड्थ, म्हणजे रेडिओ किती रुंद पट्टा ऐकतो ते, आधी ३.५ किलोहर्ट्झ ठेवा, शेजारचं स्टेशन घुसत असेल तर २.५. आवाज गुहेत बोलल्यासारखा होईल, पण शब्द सुटे होतील. शेजारचं स्टेशन पाच किलोहर्ट्झ वर असेल तर एक किलोहर्ट्झ खाली सरका. ही युक्ती पुस्तिकेत नाही आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

तेवढ्याने भागलं नाही तर साइडबँड. प्रसारणाच्या दोन बाजूंना तीच माहिती असते. गोंगाट एका बाजूला असेल तर दुसरी बाजू ऐकायची. यूएसबी (इथे चार्जिंगचं नव्हे, वरची बाजू) किंवा एलएसबी (खालची बाजू) दाबा, बारीक ट्यूनिंगने शिट्टी खाली-खाली आणत शून्यावर आणा, मग आवाज माणसाचा होतो. आणखी शंभर हर्ट्झ इकडे-तिकडे गेलात तर बातम्या देणारी बाई बदकासारखी बोलू लागते. तेच बटण दाबून धरलं की सिंक्रोनस डिटेक्शन येतं, जे हे काम आपोआप करतं असं पुस्तिकेचं म्हणणं. सिग्नल दणकट असेल तर करतं. पण आपल्या कामाचे सिग्नल दणकट नसतात. ते खाली बसले की पकड सुटते आणि शिट्टी ऐकू येते. पीएल-३३०चा हा सर्वांत कमकुवत भाग. हाताने साइडबँड लावणं जास्त भरवशाचं.

मुद्दाम सोडलेला गोंगाट आणि घरचा गोंगाट यांत फरक कसा करायचा, हे या छंदातलं खरं कौशल्य. फ्रिक्वेन्सीवर धबधब्यासारखा आवाज येतोय. दहा किलोहर्ट्झ वर जा, दहा खाली जा. दोन्हीकडे तोच आवाज असेल तर तुमचा दिवा. पण तो नेमका स्टेशनच्या रुंदीएवढाच असेल, दोन्ही कडांना सुरीने कापल्यासारखा संपत असेल आणि कार्यक्रम संपल्यावर मिनिट-दोन मिनिटांत थांबत असेल, तर कोणीतरी पगार घेऊन तो सोडतंय. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इथिओपिया आणि एरिट्रियाचं हे भांडण वर्षानुवर्षं ऐकू येत आलंय. २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या अम्हारिक (इथिओपियातली भाषा) सेवेवर असा गोंगाट सुरू झाला, तेव्हा इथिओपियाचे पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी ती सेवा अडवण्याचं उघड समर्थन केलं आणि तिची तुलना रवांडाच्या नरसंहारातल्या रेडिओशी केली.

गोंगाट करणाऱ्यालाही एक अडचण असते, तिचा फायदा घ्या. त्याची जमिनीलगतची लहर शहरापुरतीच पुरते, आणि आयनांबरावरून उसळणारी लहर ट्रान्समीटरच्या जवळ पडत नाही, लांब पडते. त्यामुळे राजधानीत बुडालेलं स्टेशन साडेतीन हजार किलोमीटरवर, म्हणजे आपल्याकडे, स्वच्छ लागू शकतं. आणि कधी नेमकं उलटं: तिथे ऐकू येतं, इथे नुसता धबधबा. मुंबईत लागत नाही म्हणजे तिथे पोचत नाही, असा निष्कर्ष काढू नका.

काही आवाज या डब्यावर कधीच लागणार नाहीत. बुरुंडीचे बॉब रुगुरिका त्यातले. रेडिओ पब्लिक आफ्रिकेनचे संचालक. तीन इटालियन नन्सच्या खुनाबद्दल एकाची कबुली त्यांनी प्रसारित केली म्हणून जानेवारी २०१५ मध्ये तुरुंगात गेले. महिन्याने दीड कोटी बुरुंडी फ्रँकच्या जामिनावर सुटले तेव्हा राजधानीत रस्त्यांवर गर्दी उसळली होती. त्याच वर्षी मे महिन्यात बंडाचा प्रयत्न फसला आणि खासगी रेडिओ स्टेशनं जाळली-फोडली गेली. त्यांच्या मंडळींनी मग रवांडातून ‘हुमुरा बुरुंडी’ नावाने बातम्या चालू ठेवल्या, ‘घाबरू नकोस, बुरुंडी’. त्या पसरल्या फोनमधून, व्हॉट्सअॅपच्या ऑडिओ फाइलींनी. मार्च २०२१ मध्ये दोन्ही देशांचे संबंध सुधारू लागले आणि रवांडाने ती दुकानंही बंद करायला लावली. पाहुणचार किती दिवसांचा, हे यजमान देशाच्या परराष्ट्र खात्यावर. तर हे ऐकायला रेडिओ नको, फोन हवा.

फोनवरून ऐकायचंच असेल तर आणखी एक सोय आहे: जगभरातल्या हौशी लोकांनी इंटरनेटवर खुले ठेवलेले ‘किवी’ रिसिव्हर. ब्राउझरमध्ये परदेशातला रिसिव्हर उघडून तिथला बँड ऐकता येतो, पडद्यावर गोंगाटाची रुंदीही दिसते. पीएल-३३०वर ऐकलेलं पडताळून बघायला उत्तम. एकच जोडायचं: एका रिसिव्हरवर थोडेच लोक बसू शकतात, काम झालं की खिडकी बंद करा.

ऐकलेल्याचा अहवाल स्टेशनला पाठवायचा असेल तर ‘सिन्पो’ (SINPO) पद्धतीने पाठवा: ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, वातावरणाची खरखर, चढ-उतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला १ ते ५. वेळ यूटीसीमध्ये, सोबत रेडिओ आणि तारेचं वर्णन. इयरफोनच्या जॅकमधून फोनवर केलेलं मिनिटभराचं रेकॉर्डिंग जोडलंत तर शंभर शब्दांचं काम होतं. उत्तराची वाट बघू नका. ही चार-सहा माणसांची ऑफिसं आहेत. कार्यक्रमात फोन करणाऱ्या सामान्य माणसाचा आवाज ओळखू येईल असं रेकॉर्डिंग मात्र सोशल मीडियावर टाकू नका. स्टेशनने ते कोणत्या काळजीने वापरलं असेल, आपल्याला माहीत नसतं.

घ्यावा का? आकडे थेट टाकणं, साइडबँड आणि बाहेरच्या तारेचा जॅक, हे तिन्ही इतक्या लहान डब्यात हवं असेल तर घ्यावा. साइडबँड नसलेला स्वस्त डबा चालेल असं वाटत असेल तर पहिल्याच गोंगाटाच्या रात्री पस्तावाल. चोर बाजारातला जुना मर्फी किंवा बुश दिसायला राजा आहे, आवाजही भरदार, पण सुईवर ९६०० कुठे आणि ९६१० कुठे ते देवालाच ठाऊक. आयात केलेला माल असल्याने वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावरच असते. दुकानातच चालू करून घ्या: बॅटरीचा कप्पा उघडून बॅटरी फुगलेली नाही ना बघा, सळईचा प्रत्येक टप्पा बाहेर काढा, अँटेनाच्या जॅकमध्ये पिन घालून हलवा, खरखर तुटते का ऐका. दुकानात स्टेशन लागणार नाही, तिथे हजार अॅडॉप्टर चालू असतात, त्याची चिंता नको.

शेवटची सूचना शांततेबद्दल. कालपर्यंत लागणारं स्टेशन आज नसेल तर क्रम असा ठेवा. मार्च किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार नुकताच गेला असेल तर नवा तक्ता काढा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. तक्ता तोच असेल तर त्याच बँडवरची इतर स्टेशनं लागतात का बघा. तीही गायब असतील तर सूर्याची खोडी आहे, त्याच्या वादळाने आयनांबर बिघडतं, दोन दिवस थांबा. बाकी सगळं लागतंय आणि तेवढीच जागा रिकामी आहे, ट्रान्समीटरची ती पोकळ शांतताही नाही, असं आठवडाभर राहिलं तर स्टेशनच्या वेबसाइटवर जा. भाडं थकलेलं असू शकतं; मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचं बहुतेक प्रसारण एका आदेशाने थांबलं, तेव्हा असे कितीतरी आकडे एका रात्रीत रिकामे झाले. मेमरीतून तो आकडा लगेच पुसू नका. ८५० जागा आहेत, एक अडून राहिली तर बिघडत नाही.